स्वरांची वाटणी

व्यंजनास टेकावयास जागा असते. जीभ दातांस लागली की 'त', ओठ मिटले की 'प'. स्वराचे तसे नाही. जीभ कोठेही न टेकता वरखाली, पुढेमागे होते, ओठ गोल होतात वा पसरतात, आणि 'इ'पासून 'आ'पर्यंतची वाट एकही उंबरठा न लागता सरते. मग येथे एक स्वर संपला व दुसरा सुरू झाला, हे ठरवावयाचे कोणी? डॅनियल जोन्स यांनी १९१७ च्या सुमारास आठ मानस्वर नेमून दिले खरे. पण तेही मोजणीसाठी रोवलेले खुंटच.

सोयीची विभागणी दोषास्पद नव्हे. पाणिनीनेही ती केली. ऱ्हस्व 'अ' उच्चारात संवृत आणि 'आ' विवृत, हे त्यास ठाऊक होते. तरी दोहोंस सवर्ण मानता यावे म्हणून अष्टाध्यायीभर त्याने 'अ' विवृत धरला. (एकट्या 'अ'चे अठरा भेद मोजणाऱ्या परंपरेस हा फरक ऐकू येत नव्हता, असे कोण म्हणेल?) आणि अगदी अखेरच्या सूत्रात 'अ'ला त्याचे संवृतपण परत देऊन घेतलेली उसनवार फेडली. आम्हांस हे सूत्र व्याकरणाइतकेच नीतीचे वाटते.

आमच्या लिपीने आपली उसनवार फेडली आहे काय? इंग्रजीतून 'बॅट' आली, 'डॉक्टर' आला, तेव्हा त्यांच्या स्वरांसाठी आम्ही अर्धचंद्र सिद्ध केला. कोंकणीत मात्र संवृत आणि विवृत असे दोन 'ए' व दोन 'ओ' पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, त्यांवर अर्थभेद अवलंबून आहेत, आणि नागरी लिपी त्यांस एकेकाच मात्रेत कोंबते.

अनुस्वाराची गोष्ट तर आमच्याच अंगावर येते. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी मराठीतील न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. ते योग्यच झाले. पण तीच सवय घेऊन आम्ही कोंकणी मुद्रितांवर लेखणी चालविली. 'तीं भुरगीं' म्हणजे ती मुले. वरचे टिंब पुसताच 'तीं'ची 'ती' होते, म्हणजे एक स्त्री. असे कित्येक अनुस्वार आम्ही शुद्धलेखनाच्या पुण्यभावनेने पुसले.

मागे एका लेखिकेने आपली मुद्रिते परत पाठविली. पुसलेले प्रत्येक टिंब तिने शाईने पुन्हा दिले होते. सोबत पत्र नव्हते.