मठाचा मुदपाकखाना

निकोला एर्मां हा त्या काळी फ्रान्सशेजारी असलेल्या लॉरेन प्रांतातला, गरीब घरातला. युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात तो शिपाई होता. पायाला जखम झाली आणि जन्माचं लंगडेपण आलं. 1640 साली तो पॅरिसच्या कार्मेलाइट मठात दाखल झाला, ब्रदर लॉरेन्स झाला. वाट्याला मुदपाकखाना आला. पंधराएक वर्षं तो तिथे राबला, आणि या कामाची त्याला उपजत नावड होती. ही नावड मला फार मोलाची वाटते. आवडीच्या कामात देव आठवायला कष्ट पडत नाहीत. नकोशा कामातही तो आठवतो का, याच जागी भक्तीचा कस लागतो.

तो करायचा काय? कामाला हात लावण्याआधी देवाशी दोन शब्द बोलायचा, काम चालू असताना मधूनमधून त्याच्याकडे वळायचा, आणि काम संपलं की स्वतःला तपासायचा. नीट झालं असेल तर आभार मानायचे, चुकलं असेल तर क्षमा मागायची. तव्यावरचं ऑम्लेट उलटायचं तेही देवाच्या प्रेमापोटी. चारजण एकाच वेळी चार वस्तू मागत असतानाही, वेदीपुढे गुडघे टेकल्यावर मिळते तीच शांती त्याला लाभत असे.

ऑम्लेटची आणि शांतीची त्याची ही वाक्यं आज दिलासा म्हणून वाचली जातात, पण त्यामागची दहा वर्षं सहसा कुणी सांगत नाही. मठातली पहिली दहा वर्षं आपण फार सोसलं, असं त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवलं आहे. मन भरकटे, जुनी पापं डोळ्यांपुढे येत, आपण देवाला नकोसे आहोत असं वाटे. विसर पडला की तो ते कबूल करी, पण स्वतःला कोसत न बसता पुन्हा देवाकडे वळे. माझ्या मते त्याची सगळी साधना या पुन्हा वळण्यातच आहे. अखंड स्मरण हे त्याला फार पुढे लाभलेलं फळ.

ही वाट त्याने एकट्याने शोधली नव्हती. कार्मेलाइट संघाच्या ज्या शाखेचा तो होता तिची मुळं आव्हिलाच्या तेरेसाने 1562 मध्ये स्पेनमध्ये रुजवली. आज्ञेने स्वयंपाकघरात जावं लागलं तर प्रभू तिथे भांड्याकुंड्यांतही वावरतो, असं ती आपल्या भगिनींना सांगे. त्याहून हजार वर्षं मागे, सहाव्या शतकात, संत बेनेडिक्टने मठाचे नियम लिहिले. त्यात कोठी सांभाळणाऱ्याला बजावलं आहे की मठातलं प्रत्येक भांडं आणि अवजार वेदीवरच्या पवित्र पात्रासारखं मानावं. हा नियम मला फार आवडतो, कारण भावना दाटून येण्याची तो वाटच पाहत नाही. कढई जपून उचलावी, खरवडून स्वच्छ करावी, जागच्या जागी ठेवावी. मनाला उमाळा येवो न येवो, हाताने ठेवायचा आदर ठेवता येतो.

मात्र एक प्रश्न उरतो. कढई घासताना मन मोकळं असतं. जे काम सगळी बुद्धी मागतं, तिथे काय करायचं?

याचं उत्तर मला केडगावात दिसतं. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. केडगावच्या आपल्या मुक्ती सदनात त्यांनी या मुलींना ठेवलं; तिथे त्यांना प्रार्थनेबरोबर हाताला काम मिळालं, आणि छापखानाही बायकांनीच चालवला. रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या, साध्या बाईला कळेल अशा भाषेत. ते छापायचं तर शिशाचा एकेक खिळा उचलायचा, त्यावरचं उलटं अक्षर ओळखायचं, वेलांटी आणि रफार जागच्या जागी बसवायचे. तिथे मध्येच देवाच्या विचारात हरवलं तर त्याच्याच वचनात चूक शिरायची. तेव्हा त्या घटकेला अक्षराकडे दिलेलं संपूर्ण लक्ष हीच प्रार्थना, असं मी मानतो. लॉरेन्सची सुरुवात आणि शेवटची तपासणी इथेही लागतेच; मधला वेळ मात्र कामाला निःशंकपणे द्यावा. देवाला विसरून केलेलं काम आणि देवावर सोपवून केलेलं काम बाहेरून सारखंच दिसतं, पण करणाऱ्याला त्यातला फरक ठाऊक असतो.

रमाबाई 1922 मध्ये निवर्तल्या. संपूर्ण बायबल 1924 साली मुक्तीतूनच प्रसिद्ध झालं.