चुकणारा सारथी

शर्यतीची मोटार हाकणारा माणूस वारंवार चुकू लागला, तर त्याला उतरवून दुसरा बसवावा की नाही, हा प्रश्न फराळाच्या ताटाशी बसून चर्चिण्यासारखा आहे, असे सहसा कोणाला वाटणार नाही. पण निगडी, भोसरी, चाकण या पट्ट्यात तो तितकासा परका नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या ‘फॉर्म्युला ई’ या जागतिक शर्यतमालिकेत, २०१४ साली सुरू झालेल्या पहिल्या हंगामापासून महिंद्रांचा संघ उतरत आला आहे. संघाचे बिऱ्हाड इंग्लंडात बॅनबरीला आहे हे खरे. परंतु ज्या घरचा कर्ता माणूस चाकणला त्याच नावाच्या गाड्या जोडायला जातो, त्या घरातल्या पोरांना तो आपलाच वाटतो. आणि आपला संघ मागे पडला की निवाडा ठरलेला : “आधी तो ड्रायव्हर बदला!”

निवाडा इतका झटपट निघतो, हेच मला खटकते. आपण कारखान्यातला न्याय शर्यतीला लावतो. लेथवर उभ्या असलेल्या माणसाने दहा नग बिघडवले, तर तो कामाचा नाही; कारण नग कसा हवा हे ड्रॉइंगवर लिहिलेले असते, किती मायक्रॉन कमीजास्त चालतील तेही लिहिलेले असते. शर्यतीतल्या वळणाला असे ड्रॉइंग नाही. या टायरांनी, या ऊन्हात, हे वळण किती वेगाने घेता येईल, याची खरी मर्यादा ती ओलांडल्याखेरीज कळत नाही. ड्रायव्हरला पैसे मिळतात ते त्या काठावरून गाडी नेण्याचे. कधीच न चुकणारा ड्रायव्हर बहुधा काठापासून हातभर आतून चालत असतो आणि दहावा येतो. त्याला कोणी नावे ठेवत नाही. ‘भरवशाचा’ म्हणतात, आणि दोन वर्षांत विसरून जातात.

‘फॉर्म्युला ई’त त्याहून निराळा एक गुंता असतो. तिथे वीज मोजून मिळते आणि ती शेवटच्या रेषेपर्यंत पुरवायची असते. ड्रायव्हर वाऱ्याच्या वेगाने धावत असताना मनात वाण्याचा हिशेब करीत असतो : कुठे पाय उचलायचा, ब्रेक लावताना किती वीज परत बॅटरीत घ्यायची. २०२१ च्या एप्रिलमध्ये व्हॅलेन्सियाला शेवटच्या फेरीत अनेक गाड्यांची वीज एकामागून एक संपली आणि जगातले निवडक ड्रायव्हर गोगलगायीसारखे रेषेकडे सरकताना लोकांनी पाहिले. एवढे सगळे एकाच दिवशी बिघडले होते काय? वाटेत संथ फेऱ्या झाल्या म्हणून नियमाप्रमाणे विजेचा वाटा कमी करण्यात आला होता, आणि पुढचा गडी वेळ संपायच्या जेमतेम आधी रेषा ओलांडून गेल्याने आणखी एक फेरी पदरात पडली होती. पण पडद्यावर दिसतो तो हेल्मेटातला माणूस. त्याच्या कानात आकडे सांगणारा इंजिनिअर दिसत नाही, नियम लिहिणारा तर नाहीच नाही.

महिंद्रा संघाचेच पाहा. २०२३ च्या फेब्रुवारीत हैदराबादला शर्यत झाली आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी केपटाऊनला संघाने, मागच्या सस्पेन्शनबद्दल शंका आल्यावरून, आपल्या दोन्ही गाड्या शर्यतीतून मागे घेतल्या. त्या निर्णयाला मी एखाद्या विजयाइतका मान देतो. “जरा जपून चालव” एवढे सांगून ड्रायव्हरला पाठवता आले असते. गाडी भिंतीवर गेली असती, तर चूक कोणाच्या नावावर मांडली गेली असती हे सांगायला नको.

त्याच वर्षी मे महिन्यात, मोनॅकोची शर्यत संपल्यावर, संघ आणि त्याचा ड्रायव्हर ऑलिव्हर रोलंड परस्परसंमतीने वेगळे झाले. त्याला चुकांपायी काढले असे कोणी समजू नये. पण नुसता गुणतक्ता पाहणाऱ्याला तो एका सामान्य ड्रायव्हरचा हंगाम वाटला असता. हाच रोलंड पुढे निस्सानच्या गाडीत बसला आणि २०२५ साली जगज्जेता झाला. हात तेच होते, डोळेही तेच. फॉर्म्युला वनमधल्या रेड बुल संघाची गोष्ट तर याहून बोलकी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, त्यांनी पिएर गास्लीला आपल्या धाकट्या संघात धाडले. वर्षभराने त्याच धाकट्या संघाच्या गाडीतून त्याने मोंझाची शर्यत मारली. त्याच्या जागी आलेला आल्बन २०२० अखेर गेला, पेरेझ २०२४ अखेर गेला, लॉसनला तर २०२५ मध्ये दोनच शर्यती मिळाल्या. एका खुर्चीवर लागोपाठ इतकी माणसे टिकत नसतील, तर मी आधी सुताराला बोलावीन.

मग काय, कोणाला काढूच नये? तसे मी म्हणत नाही. मोडलेली गाडी रात्रभर जागून उभी करणाऱ्या मेकॅनिकांचेही काही हक्क असतात. पिवळा झेंडा दाखवतात तेव्हा पुढे रस्त्यावर गाडीचे तुकडे वेचणारा कोणी साधा माणूस उभा असतो. तो झेंडा पाहूनही ज्याचा पाय उचलला जात नाही, त्याला त्याच संध्याकाळी उतरवावे. तिथे दाखवलेली दया ही दुसऱ्याच्या जिवावर केलेली उदारी आहे. काठावर चुकणारा आणि झेंड्याखाली चुकणारा यांना मी एका मापाने मोजणार नाही. आणखी एक कसोटी मला मोलाची वाटते : गाडीतून उतरल्यावर तो काय सांगतो? “माझा ब्रेक उशिरा पडला,” असे जो सरळ सांगतो, त्याच्या चुकीतून संघाला काही शिकता येते. मात्र प्रत्येक चुकीला हकालपट्टीची धमकी असेल, तर तोही लवकरच टायरला दोष द्यायला शिकेल.

आपल्या महाभारतात हा खटला एकदा चाललेला आहे. वनपर्वात शाल्वाशी लढताना प्रद्युम्न बाण लागून मूर्च्छित पडला, तेव्हा त्याच्या सारथ्याने, म्हणजे दारुकाच्या मुलाने, रथ रणातून बाहेर काढला. शुद्धीवर येताच प्रद्युम्न त्याच्यावर भडकला : वृष्णींचा वीर पळाला असे लोक म्हणतील, आता कोणाला तोंड दाखवू? सारथ्याने उत्तर दिले की रथी बेशुद्ध असता त्याला वाचवणे हा सारथ्याचा धर्मच आहे. प्रद्युम्नाने पुन्हा असे न करण्याची ताकीद दिली, पण लगाम दुसऱ्याच्या हाती दिले नाहीत. त्याच सारथ्याने रथ परत रणात घातला, आणि या खेपेला पळायची पाळी शाल्वावर आली. विराटपर्वातला उत्तर तर सरळसरळ भ्यालेला. कौरवसेना पाहून तो रथातून उडी टाकून धावत सुटला. अर्जुनाने त्याला धरून आणला, पण घरी पाठवला नाही. धनुष्य आपण घेतले आणि लगाम त्याच्या हाती दिले. ड्रायव्हर बदलण्याचा हाही एक प्रकार आहे, आणि तो कोणत्याही संघाच्या चालकांना फारसा सुचत नाही.

आता चाकणकडे वळतो, कारण माझा खरा जीव तिथे अडकला आहे. या पट्ट्यातल्या बऱ्याच शॉपमध्ये भिंतीवर ‘पोका-योके’ अशी पाटी असते. चूक होऊच नये अशी कामाची रचना, असा तिचा अर्थ. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी ही पद्धत रूढ केली. प्रथम तिचे नाव ‘बाका-योके’ होते, म्हणजे मूर्खांपासून बचाव. १९६३ साली अराकावा कंपनीतल्या एका कामगार स्त्रीला, आपल्यासाठी असे साधन बसवले आहे हे ऐकून रडू कोसळले; मी का इतकी मूर्ख आहे, असे तिचे दुःख होते. शिंगोंनी नाव बदलले. ‘पोका’ म्हणजे नुसती अनवधानाची चूक, जी कोणाच्याही हातून होते.

आमच्याकडे पाटी आली. त्या बाईचे रडणे मात्र वाटेत राहिले. पॉवर प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हात त्या बटणांवर असल्याखेरीज प्रेस खाली यायचा नाही, म्हणजे बोटे आपोआप बाहेर राहतात. पण नगांची संख्या वाढवायची घाई असली, की एक बटण चिकटपट्टी लावून कायमचे दाबून ठेवता येते. मग एक हात मोकळा होतो, काम भराभर उरकते, आणि एखाद्या तिसऱ्या पाळीत, डोळ्यावर झापड आलेली असताना, तो मोकळा हात नको तिथे जातो. अपघाताच्या कागदावर लिहायला शब्द तयार असतो : कामगाराची चूक.

रोलंडला निस्सान मिळाली, गास्लीला धाकटा संघ मिळाला. बीड-लातूरकडून आलेल्या कंत्राटी पोराला सुपरवायझर “उद्यापासून येऊ नको” म्हणतो, तेव्हा तो खोलीवर जाऊन पिशवी भरतो आणि दुसऱ्या कोणत्या तरी गेटवर पुन्हा हेल्पर म्हणून उभा राहतो. त्याच्या जागी सोमवारी नवा पोरगा येतो. प्रेस तोच असतो, आणि त्या बटणावरची चिकटपट्टी कोणी काढलेली नसते.