गंधरस आणि भोवरा

माझा नातू चार वर्षांचा, स्वमग्न. गेल्या नाताळात मी त्याला शिट्टी वाजवत धावणारी आगगाडी आणली. चकचकीत कागद टराटरा फाटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तो कान दाबून पलंगाखाली शिरला.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडचे ज्ञानी मागी लोक बाळ येशूला सोनं, ऊद आणि गंधरस देतात. बाळ हसलं का, हे मत्तय सांगत नाही. ते नमन करतात, देतात, दुसऱ्या वाटेनं आपल्या देशी जातात. देणं तेवढ्यानं पुरं होतं? मला वाटतं, होतं. पण त्यांनी त्या बाळात राजा आधी पाहिला होता. मी नातवाला पाहिलंच नव्हतं.

आवाज, स्पर्श, प्रकाशाची अतितीव्र किंवा मंद जाणीव 2013 पासून 'डीएसएम-5' या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेतल्या स्वमग्नतेच्या निकषांतही आहे. यंदा महिनाभर त्याच्याशेजारी बसले. तो स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवतो, थांबेपर्यंत वाकून बघतो. आम्ही ते हिसकावून घ्यायचो! म्हणून सावंतवाडीचा लाकडी भोवरा आणला, बोटांनी फिरवायचा. कागदात न गुंडाळता, पाहुणे यायच्या दोन दिवस आधी त्याच्या चटईवर ठेवला.

भोवरा त्यानं बाजूला सारला. मग झाकण आणून माझ्या हातात दिलं.