चेहऱ्यावाचून घासाघीस

आमच्या कचेरीची खरेदी आता संगणकावरच होते. पूर्वी लाखेची मोहोर केलेले लिफाफे येत. मोहोर फोडून पुन्हा बेमालूम लावणारे कलावंतही असत! केंद्र सरकारने २०१६ साली ‘जेम’ हा ई-बाजार उघडला. तेथे ठरल्या वेळेआधी निविदा उघडतच नाही. मेहुण्याला झुकते माप देणे कठीण झाले, हे मोठेच काम म्हणायचे.

पण तेथे उलटा लिलावही असतो. कंत्राटदाराला सर्वांत कमी दर दिसतो. कोणाचा, ते दिसत नाही. तो उतरतो, दुसरा त्याहून उतरतो. नफा संपल्यावरचे रुपये मग येतात कोठून? सफाईचे कंत्राट असले, तर झाडूवालीच्या मजुरीतून. मंडईत भाव पाडताना समोरच्या बाईचा चेहरा उतरला, की आपण “बरं, द्या” म्हणून थांबतो. माणूस चेहरा पाहून पक्षपात करतो, हे खरेच. पण दयाही त्याला तेथेच सुचते. यंत्राने दोन्ही एकदमच नेली.

म्हणून अटींत मी एक ओळ घालतो : किमान वेतन भागणार नाही, असा दर बाद. यंत्र ती निमूटपणे पाळते. साहेब मात्र विचारतात, “अहो, दर वाढेल ना?”

वाढतो.