ओळख पटण्याचा प्रश्न

रक्तातील पांढऱ्या पेशी कर्करोगाच्या गाठीशी झुंजतात हे खरे असले, तरी या झुंजीचे सर्वसामान्यांच्या मनातील चित्र फसवे असते. कारण रोगजंतू बाहेरून येतो, तर गाठ शरीराच्याच पेशींतून वाढते, आणि म्हणून येथे बळाच्या आधी ओळख पटण्याचा प्रश्न उभा राहतो. विकृत पेशी शरीरात वारंवार निर्माण होत असाव्यात आणि संरक्षणव्यवस्था त्यांना वेळीच आवरत असावी, असा तर्क पॉल एर्लिश यांनी १९०९ मध्ये मांडला होता. परंतु त्याला भक्कम प्रायोगिक आधार मिळण्यास बराच काळ जावा लागला. रॉबर्ट श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी ज्यांच्यात तयारच होत नाहीत अशा उंदरांना गाठी अधिक प्रमाणात होतात. याहून मोलाचे निरीक्षण असे की, या दुबळ्या उंदरांतील गाठी निरोगी उंदरांत रोवल्या असता त्यांतील बऱ्याच गाठी नष्ट झाल्या, उलट निरोगी उंदरांत वाढलेल्या गाठी मात्र तशाच रोवल्यावरही टिकून राहिल्या. म्हणजे सहज ओळखू येणाऱ्या पेशी पांढऱ्या पेशींनी आधीच टिपलेल्या असतात आणि हाती लागणारी गाठ त्या निवडीतून निसटलेल्यांची असते.

ही ओळख कशी पटते, हे पाहण्यासारखे आहे. शरीरातील बहुतेक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडत असतात, आणि जनुकातील बदलामुळे त्यांत एखादा अनोळखी तुकडा दिसला की त्याच्याशी जुळणारी मारक टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचा एक प्रकार, त्या पेशीला घट्ट चिकटते. दोघींमधील चिंचोळ्या फटीत ती परफोरिन हे छिद्रे पाडणारे प्रथिन आणि ग्रॅन्झाइम ही विकरे सोडते. विकरे आत शिरून पेशीची आत्मनाशाची यंत्रणा चालू करतात, आणि टी पेशी स्वतः सुखरूप सुटून पुढच्या पेशीकडे वळते. गाठीतील काही पेशी तुकडे मांडणेच बंद करून टी पेशीची नजर चुकवतात. पण ही खूण नाहीशी होणे हेच नैसर्गिक मारक पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींना संशयास्पद वाटते.

तरीही गाठी वाढतात, आणि पुष्कळदा त्या पांढऱ्या पेशींनी भरलेल्या असतात, ही बाब प्रतिकारशक्ती नुसती ‘वाढवण्या’च्या लोकप्रिय कल्पनेला छेद देणारी आहे. गाठीत शिरलेल्या महाभक्षक पेशी अनेकदा नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करून गाठीचेच पोषण करतात, तर टी पेशींवरील पीडी-१ या रेणूला गाठ आपल्या पृष्ठभागावरील जोडरेणूने डिवचते आणि त्यांना थंड पाडते. हा लगाम मुळात शरीराच्या हिताचा आहे, कारण त्याच्यावाचून टी पेशी निरोगी ऊतींवरही तुटून पडतील. तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-१ शोधला, जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये सीटीएलए-४ हा दुसरा लगाम रोखून उंदरांतील गाठी विरघळवल्या, आणि २०१८ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. हे लगाम रोखणाऱ्या औषधांनी काही रुग्णांच्या आतड्याला वा थायरॉइड ग्रंथीला दाह होतो, यावरून लगामाची गरज पुरेशी स्पष्ट होते.

लगाम रोखण्याऐवजी टी पेशींना ओळखच बाहेरून पुरवण्याचाही एक मार्ग आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल रुग्णालय यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या आणि २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून त्यांना सीडी-१९ हा रेणू ओळखण्याची क्षमता दिली जाते. हा रेणू रक्ताच्या काही कर्करोगांतील पेशींवर असतो, तसाच प्रतिपिंडांच्या निर्मितीस लागणाऱ्या निरोगी बी पेशींवरही असतो. म्हणून उपचारात दोन्ही मारल्या जातात, आणि बी पेशींची उणीव काही काळ बाहेरून प्रतिपिंडे देऊन भरून काढता येत असल्यामुळेच हा सौदा परवडतो. फुप्फुस, यकृत किंवा स्वादुपिंड यांच्या बाबतीत अशी तडजोड शक्य नसते, आणि तेथील गाठींवर केवळ त्यांचीच म्हणता येईल अशी खूण क्वचितच सापडते.