सावकाश जगणं म्हणजे आळस नव्हे

देवळाली कॅम्पात लोक पूर्वीपासून हवापालटासाठी येत आले. त्यांच्यासाठी बांधलेली पारशी, जैन, गुजराती समाजांची सॅनेटोरियमं आजही इथे आहेत. कोरड्या हवेत विसावायचं, तब्येत सुधारली की मुंबईला परतायचं आणि पुन्हा त्याच धावपळीला जुंपून घ्यायचं. हवा पालटली तरी जगण्याची रीत पालटत नाही, हे मी इथे राहून पाहिलं आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी नेमाने योगाभ्यास करू लागले. चार बाहेरची कामं सोडली, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, हे संथ जगणं म्हणजे आळसच नाही का?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर पतंजलींच्या योगसूत्रांतच आहे. चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय ते सांगतात. त्यांत आळस आहे, तशी अविरती, म्हणजे विषयांची न सुटणारी ओढही आहे. लोळत पडणारा आणि हव्यासापोटी धावणारा, दोघंही योगापासून सारखेच दूर. विस्कटलेला श्वास ही विक्षिप्त चित्ताची खूण, असंही ते पुढे सांगतात.

त्याचा पडताळा मला घरातच येतो. इथे लष्कराचं तोफखाना प्रशिक्षण केंद्र आहे. सकाळी अनुलोम-विलोम करताना कधी तोफांचा आवाज घुमतो आणि श्वास अडखळतो. तोफ थांबवणं माझ्या हाती नाही. श्वास पुन्हा लांब, सावकाश करणं आहे, आणि त्याला पुरतं लक्ष लागतं. आळसात हे लक्षच नसतं.

दरवर्षी पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या पायी येतात. दिवसचे दिवस चालणाऱ्या त्या वारकऱ्यांना आळशी कोण म्हणेल? त्यांची चाल संथ असते, नेम पक्का असतो आणि सोबतीला सामान मोजकं.

अष्टांगांत पहिलं अंग यमाचं, आसन तिसरं. पाच यमांत अपरिग्रह आहे. साठवण आवरणं हा योगाचा पाया आहे. मी वर्षानुवर्षं न नेसलेल्या साड्या देऊन टाकल्या, जेवताना फोन दूर ठेवू लागले, एका वेळी एकच काम हाती घेऊ लागले. कर्तव्य एकही सुटलं नाही. सुटली ती ओढाताण.

आसनं शिकाच. पण त्याआधी घरातली एक नको असलेली वस्तू आणि दिवसातलं एक नको असलेलं काम सोडून पाहा.