विटेनबर्ग नगरांतील एक कोपरा

मार्टिन लूथर ह्यांचें नांव ज्यानें ऐकिलें नाहीं असा मनुष्य आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत क्वचितच सांपडेल. ज्या नगरांत त्यांनीं आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ घालविला, तें विटेनबर्ग नगर जर्मनी देशांत एल्ब नदीच्या कांठीं, बर्लिन शहराच्या नैर्ऋत्येस वसलेलें आहे. जुनें नगर इतकें लहान आहे कीं, एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पायीं जाण्यास अर्धा तासही लागत नाहीं. वाटाड्याची गरज नाहीं. हातांत एक नकाशा असला म्हणजे पुरे. आम्हीही कोणास बरोबर न घेतां ह्या नगरांतून चाललों. परंतु वाटाड्या नसला म्हणजे एक प्रश्न उत्पन्न होतो, आणि तो केवळ प्रवासाचा नसून नीतीचा आहे. कोठें थांबावें व कोठें न थांबतां पुढें जावें, हें कोण ठरविणार?

पूर्वेच्या टोंकास ओक जातीचा एक वृक्ष आहे. ता. १० डिसेंबर १५२० रोजीं लूथर ह्यांनीं पोपचें आज्ञापत्र जाळिलें, त्या प्रसंगाची ती खूण होय. हल्लींचा वृक्ष १८३० मध्यें लाविलेला आहे. तेथून थोड्याच अंतरावर जुना मठ लागतो. तेथें लूथर प्रथम संन्यासी म्हणून राहत असत, व १५२५ मध्यें विवाह झाल्यावर पत्नी कॅथरिन व मुलें ह्यांच्यासह तेथेंच राहिले. पुढें नगरमंडळीचें मंदिर आहे. लूथर ह्यांचीं पुष्कळ प्रवचनें येथेंच झालीं. वेदीवर क्रानाख नांवाच्या चित्रकारांचीं १५४७ सालचीं चित्रें आहेत. त्यांतील एकांत लूथर व्यासपीठावरून क्रुसावरील ख्रिस्ताकडे बोट दाखवीत आहेत. तें पाहून आम्ही फार संतोष पावलों.

ह्याच मंदिराच्या बाहेरील आग्नेय कोपऱ्यावर नकाशांत एक खूण होती. तेथें काय आहे हें आम्हांस ठाऊक होतें, आणि ठाऊक होतें म्हणूनच आम्ही तिकडे वळलों नाहीं. बाजारचौकांतील लूथर व मेलांक्थोन ह्यांचे पुतळे पाहून आम्ही पश्चिमेकडील राजवाड्याच्या मंदिरापाशीं गेलों. ता. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं लूथर ह्यांनीं आपले ९५ मुद्दे ह्याच्याच दारावर लाविले असें परंपरा सांगते. तें लांकडी दार १७६० सालीं युद्धांत जळालें. आज आहे तें कांशाचें दार १८५८ सालचें होय. आंत लूथर ह्यांची कबर आहे. तिच्यापाशीं उभे राहिलों तेव्हां मन टोंचूं लागलें. ज्याचें आवडतें तें सर्व पाहिलें, त्याचें न आवडणारें तेवढें चुकविलें, ही कसली यात्रा? आम्ही परत फिरलों.

त्या कोपऱ्यावर, भिंतींत उंच जागीं, तेराव्या शतकाच्या अखेरीस बसविलेलें एक शिल्प आहे. एक डुकरीण, तिचें दूध पिणारे यहूदी, आणि तिचें शेपूट उचलून पाहणारा एक रब्बी. यहूदी लोक डुकरास अशुद्ध मानितात हें जाणूनच हा अपमान योजिलेला आहे. लूथर ह्यांनीं १५२३ मध्यें येशू जन्मानें यहूदी होता हें दाखवून यहूद्यांशीं ममतेनें वागावें असें लिहिलें होतें. परंतु २० वर्षांनीं, १५४३ मध्यें, त्यांचीं सभास्थानें जाळावीं, घरें पाडावीं, ग्रंथ हिरावून घ्यावे, असा सल्ला त्याच लेखणीनें दिला. आणि ह्या शिल्पाचाही आपल्या थट्टेसाठीं उपयोग केला. यहूदी लोक देवाच्या ज्या नांवाचा अत्यंत आदर करितात, त्याची टवाळी करणारे शब्द पुढें १५७० सालीं त्यांच्या पुस्तकांतून घेऊन शिल्पावर कोरण्यांत आले. विसाव्या शतकांत हिटलरच्या पक्षानें ह्या लेखनाचा आधार घेतला. नोव्हेंबर १९३८ मध्यें जर्मनीभर सभास्थानें जळालीं, व पुढें सुमारें ६० लक्ष यहूदी मारले गेले.

वाचकहो, वृक्ष नवा, दार नवें, पुतळेही एकोणिसाव्या शतकांतले. हा दगड मात्र जुनाच आहे. आपल्या अभिमानाच्या खुणा पुन्हां घडवाव्या लागल्या; लाजेची खूण ७०० वर्षें टिकली.

आतां प्रश्न असा कीं, ह्या दगडाचें काय करावें? १९८८ मध्यें तेथील मंडळीनें त्याच्या खालीं जमिनीवर धातूचा एक स्मरणलेख बसविला. क्रुसाच्या चिन्हाखालीं ६० लक्ष यहूद्यांचा नाश झाला, अशी कबुली त्यावर आहे. पुढें एका यहूदी गृहस्थानें शिल्प काढून टाकावें म्हणून दावा केला. ता. १४ जून २०२२ रोजीं जर्मनीच्या वरिष्ठ संघीय न्यायालयानें निकाल दिला कीं, शिल्प मुळांत अपमानकारक खरें, परंतु स्मरणलेख व माहितीचा फलक ह्यांमुळें तें आतां स्मारक झालें आहे. म्हणून काढण्याची सक्ति करितां येत नाहीं. त्याच वर्षीं मंडळीनें तें जागेवरच ठेवण्याचें ठरविलें.

ठेवावें असें म्हणणाऱ्यांचा विचार हलका नाहीं. पवित्र शास्त्रानें दाविदाचें पाप झांकिलें नाहीं, पेत्राचें नाकारणें वगळिलें नाहीं. जो समाज आपली लाज पुसून टाकितो, तो तीच चूक पुन्हां करण्यास मोकळा होतो. शिवाय मार्च १५२२ मध्यें जेव्हां ह्याच नगरांत मूर्ति फोडण्याची घाई झाली, तेव्हां लूथर ह्यांनीं ह्याच मंदिरांत उपदेश करून सांगितलें कीं, बळजबरीनें कांहीं साधत नाहीं, आधीं अंतःकरण पालटलें पाहिजे.

तथापि एक भेद विसरतां कामा नये. दाविदाचें पाप ग्रंथांत लिहिलें आहे. तें उरीयाच्या दारावर कोरलेलें नाहीं. पेत्राची कथा पेत्रासच लाजविते. खरी कबुली अपराध्यास लाजविते. हा दगड अद्याप निरपराध्यास लाजवितो, आणि तोही देवाच्या घराच्या भिंतीवरून. ज्यांच्या आजापणजांनीं गांवकुसाबाहेर राहून आपल्या जातीचें नांव शिवीप्रमाणें ऐकिलें, त्यांस ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. खालीं कितीही चांगला लेख असला, तरी वरची शिवी वरच राहते.

म्हणून आमचें नम्र मत असें आहे कीं, हा दगड फोडूं नये व लपवूं नये, परंतु मंदिराच्या भिंतीवरून उतरवून जवळच्याच एखाद्या खोलींत, संपूर्ण हकीकतीसह, ठेवावा. पाप करणाऱ्यानें आपल्या सोयीसाठीं खूण पुसूं नये, तशीच आपल्या सोयीसाठीं ती राखूंही नये. ज्यास जखम झाली त्याचा शब्द प्रथम ऐकावा. न्यायालय जेथें सक्ति करूं शकत नाहीं, तेथेंच प्रीतीचें काम सुरू होतें.

वाटाड्यावांचून चालण्याची, शास्त्र स्वतः वाचण्याची, विवेकास स्मरून ठरविण्याची मोकळीक आपणांस ज्यांच्यामुळें लाभली, त्यांत लूथर हे अग्रेसर होत. ह्या उपकाराबद्दल आम्ही देवाचे आभार मानितों. परंतु जो स्वतःच आपला वाटाड्या होतो, त्यानें आपल्या आवडीस वाटाड्या करूं नये. उपदेशकांनीं मंडळीस वडिलांच्या गोष्टी सांगतांना उजेडाची बाजू सांगावी, तशी अंधाराचीही सांगावी. प्रत्येक घराच्या, प्रत्येक मंडळीच्या इतिहासांत असा एक कोपरा असतो. आपण त्याला वळसा घालून गेलों असल्यास, आजच परत फिरावें.